चढावरचा दिवा

आमचा ट्रक कोपऱ्यावर वळला आणि मला क्लीनरच्या सीटवर एक माणूस बसलेला दिसला. मी खिडकीशी उभा राहून कमरेचा पट्टा आवळत होतो. रोज सकाळी बायको ट्रक घेऊन अंडी भरायला निघते आणि रोज मी या खिडकीतून त्याला कोपऱ्यापर्यंत पोहोचवतो. वळताना त्याची माझ्याकडची बाजू क्षणभर पूर्ण दिसते, दारावरचा पोचा, केबिनची काच, मागचा बंद हौदा. त्या काचेत आज निळ्या बाहीचं एक कोपर टेकलेलं होतं. निवांत, घरच्यासारखं. त्या सीटवर कोणी बसत नाही. तिथं रिकाम्या ट्रेंची चळत असते, हिची पिशवी असते, पाण्याचा कॅन असतो. आमच्या ट्रकला क्लीनर कधीच नव्हता. परवडत नाही हे एक, आणि दिवसभर कोणाशी बोलत बसणं मला जमत नाही हे दुसरं. ट्रक दिसेनासा झाला तरी मी पट्टा आवळतच होतो. श्वास घ्यायला जड जायला लागलं तेव्हा मी तो सैल केला आणि बेकरीवाल्यांचे फोन घ्यायला जाऊन बसलो. हल्ली माझं काम तेच आहे, कोणाला किती ट्रे हवेत ते विचारायचं आणि तिला कळवायचं.

"लॅपटॉप होते," संध्याकाळी ती चप्पल काढता काढता म्हणाली. लॅपटॉप म्हणजे आमचा मेकॅनिक. मी विचारण्याआधीच म्हणाली, हे मी लक्षात ठेवलं. "तो दिवा परत लागला ना काल चढावर. गॅरेजमध्ये नेला की विझलेला. मग तेच म्हणाले, मी येतो बरोबर, लागेल तेव्हा बघू." मी म्हणालो, मला सांगायचं होतंस. ती म्हणाली, "तुम्ही झोपला होतात." मी झोपलो नव्हतो. मी डोळे मिटून पडलो होतो, आणि मणका सरकलेल्या नवऱ्याच्या बाबतीत हा फरक बायकोला कळायला हवा. "मग, लागला का?" मी विचारलं. "नाही ना," ती म्हणाली आणि हसली. "ते बसले तर लागलाच नाही मेला." हसण्यासारखं त्यात काय होतं ते मला समजलं नाही. मी त्या रात्री जेवताना तिच्याकडं बघत राहिलो आणि ती भराभर जेवत राहिली. दिवसभर स्टिअरिंग धरलेल्या माणसाला जी भूक लागते ती मला माहीत आहे. मला ती आता लागत नाही.

दिवा म्हणजे समोरच्या काट्यांच्या पट्टीवरचा, इंजिनाच्या आकाराचा, पिवळा. इंजिनात कुठं बिघडलं की तो लागतो. लागला आणि लागलेलाच राहिला तर माणूस निश्चिंत होतो, बिघाड आहे, दुरुस्त करू. आमचा दिवा लागतो आणि विझतो. फार्मवरून भरलेला ट्रक घेऊन येताना लांब चढ आहे, तिथं भर दुपारी लागतो, माथ्यावर पोहोचून उतार लागला की विझतो, आणि मग कित्येक दिवस त्याचा पत्ता नसतो. असं ती सांगते. मी तो पाहिलेला नाही. त्या चढावर मी माझी अर्धी उमर घातली. कुठं गिअर उतरवायचा, कुठं इंजिन कण्हतं, कुठल्या वळणाला ट्रेंची चळत कुरकुरते, हे सगळं मला झोपेत सांगता येईल, आणि माझ्या हातात तो दिवा एकदासुद्धा लागला नाही. तिच्या हातात लागतो. लॅपटॉपसमोर लागत नाही. म्हणजे जगात तो फक्त तिला एकटीला दिसतो आणि तिच्या शब्दावर एक परका माणूस दिवसभर आमच्या केबिनमध्ये बसतो. हा विचार पहिल्यांदा मनात आला तेव्हा मला माझी लाज वाटली. दुसऱ्यांदा आला तेव्हा तितकी वाटली नाही.

ट्रक तिला मीच शिकवला. चाक बदलताना माझी पाठ गेली, जॅकजवळच आडवा झालो, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता हादरे बसतील असं काही करायचं नाही. फार्मवाला दुसरी गाडी बघायला लागला होता. एका संध्याकाळी ती अचानक म्हणाली, "मी चालवते की." मला हसू आलं, ती हसली नाही. फार्मच्या मागच्या मोकळ्या जागेत मी काठी टेकून उभा राहायचो आणि ती ट्रक पुढं-मागं करायची. मी ओरडायचो, क्लच सोड, अगं हळू, अंडी आहेत असं समज. ती केबिनमध्ये उंचावर आणि मी खाली धुळीत. तेव्हा ती म्हणाली होती, "तुम्ही चला ना बरोबर. शेजारी बसा नुसते, मला धीर येईल." मी म्हणालो, मी क्लीनर नाही. डॉक्टरांचं हादऱ्यांचं कारण हाताशी होतंच, पण ते मी नंतर जोडलं, आधी तोंडातून निघालं ते हे. तिनं परत विचारलं नाही. हळूहळू तिचा हात बसला. आता ती गल्लीतून निघते तेव्हा मी अंथरुणातून गिअर ऐकतो, आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना माझ्या हातात जी एक कुरकुर व्हायची ती होत नाही. फार्मवाला मला फोनवर म्हणाला, "बाईंच्या हातात अंडी फुटत नाहीत हो." मी म्हणालो, वा वा. फोन ठेवल्यावर माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि ते पोटात दुखणं कसलं होतं हे कळायला डॉक्टरांची गरज नव्हती.

लॅपटॉपला सगळे ड्रायव्हर लॅपटॉपच म्हणतात, कारण तो बॉनेट उघडायच्या आधी लॅपटॉप उघडतो. मेकॅनिक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर कोपरापर्यंत काळा झालेला माणूस येतो. याची नखं स्वच्छ. अंगाला साबणाचा वास. ट्रकखाली जाताना जाड कापड अंथरतो आणि बाहेर आल्यावर त्याची नीट घडी घालतो. माझ्यापेक्षा वयानं बराच लहान, एकटा राहतो, बोलतो कमी. दिवा लागायला लागला तेव्हा तो पहिल्यांदा आमच्या दारात आला होता. त्यानं डॅशबोर्डखाली एक वायर जोडली, पडद्यावर काहीबाही आकडे आले, आणि मान हलवून तो म्हणाला, एका सेन्सरला वीज कमी पडतेय असं दाखवतंय, आता नाही, मागे कधीतरी. सेन्सर बदलतो, नाहीच जमलं तर वायरिंग उघडून बघू. तेव्हा मी खुर्चीतून उठलो. वायरिंगला हात लावायचा नाही, मी म्हणालो, या ट्रकमधली वायर न् वायर मी घातलेली आहे, माझ्या जोडात खोट निघाली तर मिशी उतरवून देईन. तो हसून "बरं" म्हणाला. ती दारात उभी राहून ऐकत होती. ट्रकवाल्यांत ही गोष्ट सगळे पाळतात, दुसऱ्याच्या वायरिंगमध्ये बोट घालायचं नाही. मी जोडावर आधी कापडी पट्टी गुंडाळतो, वरून मेणाचा दोरा आवळून गाठ मारतो. अशी गाठ दुसरं कोणी मारत नाही. त्यानं सेन्सर बदलला, दिवा थोडे दिवस गप्प राहिला आणि परत लागला. मग तो शेजारी बसायला लागला.

रोज नाही बसायचा, पण अधूनमधून बसायचा, आणि कधी बसणार हे मला आदल्या दिवशी कळायचं ते डब्यावरून. ज्या दिवशी तो येणार त्या दिवशी ती मोठा डबा काढायची. मी ओट्याशी उभा राहून विचारलं, भूक वाढली वाटतं. ती म्हणाली, "एक माणूस दिवसभर आपल्यासाठी बसतो, त्याला काय उपाशी ठेवू?" मी दुपारी घरातलं माझं जेवण तसंच झाकून ठेवलं, तिला दिसेल असं. तिला दिसलं. तिनं ते गरम करून मला वाढलं आणि मी खाल्लं. त्याचे फोन यायचे. पूर्वी तो म्हणायचा, "ताई, आज कसं काय?" आवाज मोठा ठेवायची तिला सवय, त्यामुळं मला ऐकू यायचं. मग कधीतरी ताई गळून पडली. नुसतं "काय, लागला?" आणि इकडून नुसतं "छे." ताई कधी गेली ते मी आठवून आठवून शोधलं आणि मला ती जागा सापडली नाही. घरात टाचणी पडली तरी मला ऐकू येते, दुसरं काम काय आहे मला, आणि एवढी मोठी गोष्ट माझ्या कानावरून निघून गेली याचाच मला जास्त राग आला.

संध्याकाळी ती अंघोळीला गेली की मी ट्रककडं जायचो. हे ट्रक माझ्या हातात होता तेव्हापासूनचं आहे. गाडी उभी राहिली की तिच्यावरून हात फिरवायचा. टायर, स्प्रिंगचे पाटे, दिवे, मग दार उघडून पायरीवर उभं राहून डॅशबोर्डखाली हात घालायचा आणि एकेक जोड चाचपायचा. वाकता येत नाही, पण हात पोहोचतो. सगळे दोरे जागच्या जागी असायचे. मग मी पलीकडच्या बाजूनं जायचो. त्या सीटवर बसायचो नाही, नुसता वाकून वास घ्यायचो. साबणाचा वास होता की नव्हता, मला सांगता येत नाही. यायला हवा असेल तर येतो. तिथून ड्रायव्हरची सीट अगदी जवळ दिसते. माझ्या जागेवरून ती बाजू नेहमी लांब वाटायची. लग्न झालं त्या वर्षी ती माझ्याबरोबर यायची, चढावरच्या उन्हात तिला मळमळायचं, म्हणून मी तिच्या बाजूला एक छोटा पंखा बसवला होता. तो चालू केला की ती डोळे मिटून त्याच्यासमोर तोंड धरायची, आणि मी एक डोळा रस्त्यावर ठेवून तिच्याकडं बघायचो. मी स्वतः तो पंखा कधी लावला नाही. ती गाडी चालवायला लागल्यावर तिनं तो स्वतःकडं वळवून घेतला. मी किल्ली फिरवून बघायचो. सगळे दिवे एकदम लागायचे आणि विझायचे, पिवळासुद्धा. मी म्हणायचो, लाग की आता, माझ्यासमोर लाग.

आक्का, माझी मोठी बहीण, आठवड्याला फोन करते. ती म्हणाली, "तुझी बायको परवा बाजारात दिसली, ट्रकमधून उतरताना. लाल झाली होती उन्हानं. बरोबर कोण होता रे?" मी म्हणालो, मेकॅनिक. "दिवसभर मेकॅनिक?" आक्का म्हणाली. मी सांगितलं, दिवा आहे, तो मधूनच लागतो, चढावरच लागतो, त्यासाठी बसावं लागतं. सांगताना मलाच ते लंगडं वाटायला लागलं. आक्का म्हणाली, "तू का नाही बसत?" मी पाठीचं सांगितलं. फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात जो किडा आधीच होता तो सरळ चालायला लागला.

आणि मग दिवा लागायचा बंद झाला. लॅपटॉप यायचा बंद झाला. मोठा डबा फडताळात गेला. मला बरं वाटायला हवं होतं. "सापडलं का काय होतं ते?" मी विचारलं. "नाही," ती म्हणाली, "पण आता लागत नाही." आपोआप गेला? "आपोआपच म्हणायचा." इतकी वर्षं डिझेलच्या धुरात काढलेल्या माणसाला तिनं हे सांगितलं. इंजिनातलं दुखणं आपोआप जात नाही, माणसाचंही जात नाही, फार तर ते कोणीतरी लपवतं. त्याच सुमारास ती घामानं निथळत घरी यायला लागली. चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले, पाठीवर कपडा ओला. आली की माझ्याकडं न बघता सरळ अंघोळीला जायची आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहायचा. मी दाराबाहेर उभा राहायचो. मला चित्रं दिसायची. ती चित्रं इथं सांगत नाही, ज्याला दिसली असतील त्याला माहीत आहेत, ज्याला दिसली नाहीत त्यानं देवाचे आभार मानावेत. ट्रक कुठंतरी सावलीत उभा असायचा आणि कोपर निळ्या बाहीचं असायचं, एवढं पुरे. एकदा तिचा फोन वाजला आणि ती गॅलरीत गेली. ती गॅलरीत जाऊन बोलत नाही कधी. मी पडद्यामागं गेलो. ती म्हणत होती, "नाही, त्यांना काही सांगितलं नाही. तुम्हीपण सांगू नका. मी बघते कसं ते." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मी काय केलं, तर परत येऊन खुर्चीत बसलो, कारण उभं राहवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती फार्मवर गेल्यावर मी पट्टा बांधला आणि गॅरेजकडं निघालो. रिक्षा केली नाही, हादरे नकोत. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. माणसानं अशा वेळी काय म्हणायचं असतं हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. मला त्याला मारायचं होतं आणि मला खाली वाकून बुटाची नाडीही बांधता येत नाही. तिनं मला सोडलं तर काय, हा विचार त्या वाटेवर पहिल्यांदा नीट आला. तिच्याशिवाय ट्रक कोण चालवणार असा तो आला नाही, याचं मला स्वतःचंच नवल वाटलं. तो आला असा की संध्याकाळी चप्पल काढण्याचा आवाज येणार नाही. गॅरेजमध्ये तो एकटाच होता, एका टेम्पोचं दार उघडं टाकून मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला. मला बघून उठला.

"दिवा सापडला का?" मी विचारलं.

"लागत नाही ना आता?"

"मी तुम्हाला विचारतोय."

त्यानं फडक्याला हात पुसले, स्वच्छ हात. "ते तुम्ही घरीच विचारा. मी शब्द दिलाय."

"माझ्या बायकोला तुम्ही कसला शब्द दिलाय?" माझा आवाज चिरकला. "काय चाललंय तुमचं दोघांचं, ते मला आज इथं सांगा."

तो माझ्याकडं बघत राहिला. मी नेमकं काय विचारतोय ते त्याला कळलेलं मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो रागावला नाही. रागावला असता, माझी गचांडी धरली असती, तर मला बरं वाटलं असतं. त्यानं स्टूल पुढं ओढलं आणि म्हणाला, "बसा आधी. पाठीला त्रास होईल." मी बसलो नाही.

"पंखा," तो म्हणाला.

"काय?"

"तुमचा केबिनमधला पंखा. त्याला वीज कुठनं घेतलीये तुम्ही? सेन्सरला जी वायर जाते तिच्यातनंच. पूर्वी चालून गेलं. आता जोड जुना झालाय. चढावर इंजिन ताणात असतं, त्यात पंखा जोरात फिरला की जोड तापतो, सैल पडतो, सेन्सरला वीज पुरत नाही, दिवा लागतो. पंखा बंद केला की विझतो." तो थांबला. "मी बसायचो तेव्हा मला इंजिन ऐकायचं असायचं, म्हणून मीच सांगायचो, पंखा बंद ठेवा. मग कसा लागणार? किती दिवस मीच माझ्या पायावर धोंडा मारून घेत बसलो. शेवटी एकदा फार उकडत होतं, ताईंनी लावला, आणि लागला समोरच."

ताई परत आली होती. मी ते ऐकलं, आणि त्या क्षणी त्याचा मला काडीचा उपयोग नव्हता. मी विचारलं, मग तिथल्या तिथं जोड नीट का नाही केलात. त्याला नको होतं बोलायला, तो फडक्याची घडी घालत राहिला.

"मी म्हटलं होतं. पाच मिनिटांचं काम. त्या नको म्हणाल्या. म्हणाल्या, ते रोज हात फिरवून बघतात, दोरा बदलला की त्यांना लगेच कळेल. म्हणाल्या, ट्रकमध्ये त्यांचं म्हणून तेवढंच राहिलंय, ते असू दे, मी पंखा नाही लावणार. मी कालही फोन केला होता, म्हटलं ऊन वाढलंय, असं किती दिवस चालवाल. म्हणाल्या, तुम्ही सांगू नका."

मी गॅरेजमधून निघालो. त्याला काही म्हणालो असेन, मला आठवत नाही. घाम, लाल चेहरा, पाठीवरचा ओला कपडा, बंद दारामागचं पाणी, सगळं एकेक करून आपापल्या जागी जाऊन बसत होतं आणि मी फुटपाथच्या कडेनं चालत होतो. माझी सुटका व्हायला हवी होती. बायको माझी होती, पूर्वीपेक्षा जास्त माझी होती, माझ्या एका गाठीसाठी ती चढावर भाजत होती. आणि मी जळत होतो, येताना जळत होतो त्याहून जास्त. येताना मला वाटत होतं, त्या दोघांनी माझ्यापासून काहीतरी चोरलंय. ज्याचं चोरीला जातं तो माणूस निदान मालक तरी असतो. आता कळलं की ती दोघं त्या केबिनमध्ये शेजारी बसून माझ्याबद्दल हळू आवाजात बोलली होती, आजारी माणसाच्या खोलीबाहेर बोलतात तसं. त्यांना दुखवायला नको, असं ठरवलं होतं, आणि ठरवताना एकमेकांकडं बघितलं असणार. त्या बघण्याचा मला हेवा वाटला. त्यांचं काही असतं तर मी भांडलो असतो. या सांभाळून घेण्याशी कसं भांडायचं ते मला कळेना. आणि तेवढंच राहिलंय, हे तिनं त्याला सांगितलं होतं. मला कधी सांगितलं नाही.

ती आली तेव्हा मी पक्कड, पट्टी आणि दोरा घेऊन ट्रकजवळ उभा होतो. ती उतरली, भिजलेली. तिनं आधी माझ्या हाताकडं बघितलं, मग तोंडाकडं. काय झालंय ते तिला कळलं, आणि लॅपटॉपवर ती चिडली असावी, कारण तिनं ओठ आवळले.

"मला काय वाटत होतं माहितेय?" मी म्हणालो. "मला वाटलं, तू आणि तो."

तिनं कपाळावरचे ओले केस मागं सारले. मग म्हणाली, "माहितेय मला. डबा मोजत होतात तुम्ही."

"मग सांगायचं नाही?"

"काय सांगू? तसं नाही म्हणून सांगितलं असतं, तर मग कसं आहे ते सांगावं लागलं असतं."

मी तिला बाजूला केलं आणि केबिनमध्ये चढलो. ती म्हणाली, नका, पाठ. मी ऐकलं नाही. फरशीवर उताणा झालो, डोकं पेडलच्या बाजूला, पाय तिकडच्या दाराबाहेर. तिनं मोबाइलचा उजेड धरला. वर माझीच वायरिंग होती, जी मी इतकी वर्षं फक्त बोटांनी ओळखत होतो. पट्टी उलून काळी पडली होती, दोरा मेण गळून सुटा झाला होता आणि आतलं तांबं हिरवं पडलं होतं. बोटांना हे कळलं नव्हतं, किंवा कळूनही त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मी जोड कापला. सेन्सरची वायर सरळ करून बांधली आणि पंख्याची वायर फ्यूजच्या रिकाम्या खाचेतून वेगळी घेतली, जशी पहिल्यापासून घ्यायला हवी होती. हातांना काम येत होतं. शेवटची गाठ आवळताना कमरेत कळ आली आणि मी जागच्या जागी अडकलो. ना उठता येईना, ना कुशीवर होता येईना.

"लॅपटॉपना बोलावू का उचलायला?" तिनं विचारलं.

"किल्ली फिरव," मी म्हणालो.

ती पायरीवर उभी राहिली, माझ्यावरून वाकली आणि इंजिन चालू केलं. हादरे फरशीतून थेट मणक्यात शिरले. पंखा लाव, मी म्हणालो. वर कुठंतरी तो फिरायला लागला, त्याचा वारा खालपर्यंत पोहोचत नव्हता. मी ॲक्सिलरेटरचं पेडल हातानं दाबलं, पूर्ण दाबलं, इंजिन ओरडायला लागलं. मला तिथून काट्यांची पट्टी दिसत नव्हती. दिसत होती तिची हनुवटी आणि गळ्यावरून उतरणारा घाम.

"लागला?" मी ओरडलो.

तिनं समोर बघितलं. तिला जरा वेळ लागला, असं मला वाटलं. "नाही," ती म्हणाली.

"नीट बघ."

"नाही म्हटलं ना."

मी पेडल तसंच दाबून धरलं. तिच्या आवाजात काही फरक आहे का ते मी शोधत होतो, आणि मला तो आवाज ओळखता येत नव्हता. आपोआपच म्हणायचा, असं ती याच आवाजात म्हणाली होती. या क्षणी डोक्यावर दिवा लागलेला असला, ढळढळीत पिवळा, तरी ती याच आवाजात नाही म्हणाली असती. लॅपटॉपनं विचारलं असतं तर त्याला मात्र खरं सांगितलं असतं, लगेच, एका शब्दात.

"लागला असता तर मला सांगितलं असतंस का?" मी खालून विचारलं.

तिनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. पंखा हळूहळू फिरायचा थांबला.

"नसतं सांगितलं," ती म्हणाली. "आधी तुम्हाला उठवलं असतं." आणि तिनं माझ्या काखेत हात घातले.